स्थानिक धावमंडळाची वार्ता आणि अंतराचे प्रामाण्य

१. विषयाचे स्वरूप

एखाद्या शहरातील धावपटूंच्या मंडळाचे वार्तापत्र चाळले असता त्यात प्रथमदर्शनी किरकोळ वाटणारा मजकूर आढळतो. गेल्या रविवारी कोणती शर्यत झाली, किती सभासद धावले, कोण कितवा आला, कोणास किती वेळ लागला, पुढील शर्यत कोठे व केव्हा भरणार, कोणाची वर्गणी राहिली आहे, कोणाच्या पायास दुखापत झाली आहे, अशा स्वरूपाच्या त्या नोंदी असतात. सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाने त्यांकडे दुर्लक्ष करावे हे स्वाभाविक असले तरी योग्य नव्हे. अशा मंडळास बहुधा स्वतःची इमारत नसते, पगारी सेवकवर्ग नसतो आणि सरकारी मान्यतेचे बळही नसते. सभासद आठवड्यातून एक-दोन वेळा एकत्र जमतात व तासाभराने पांगतात. मधल्या काळात मंडळ म्हणून जे काही शिल्लक राहते, ते मुख्यतः या वार्तेच्या रूपाने राहते.

या वार्तेचा गाभा एका वाक्यात सांगता येतो : अमुक व्यक्तीने अमुक अंतर अमुक वेळात पार केले. या वाक्यात वस्तुतः तीन विधाने अंतर्भूत आहेत. धावणारी व्यक्ती कोण, हे उपस्थितांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. वेळ किती लागला, हे घड्याळाने दाखविलेले असते, आणि दोन-तीन घड्याळे एकमेकांशी ताडून पाहता येतात. अंतराची गोष्ट मात्र निराळी आहे. ते अंतिम रेषेवर उभ्या असलेल्या कोणासही दिसत नाही. संयोजकाने ते सांगितलेले असते आणि इतरांनी विश्वासाने स्वीकारलेले असते. म्हणजे ज्या विधानावर वेळेचा सारा अर्थ अवलंबून आहे, नेमके तेच विधान सर्वांत कमी तपासलेले असते.

ही उणीव धावमंडळांनी कशी ओळखली, ती दूर करण्यासाठी कोणती पद्धती सिद्ध केली, आणि त्या पद्धतीची झळ खुद्द मंडळांच्याच अभिमानाच्या वार्तांना कशी लागली, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. विवेचनाचा मुख्य आधार म्हणून १९५८ साली स्थापन झालेल्या न्यूयॉर्क येथील धावमंडळाचे उदाहरण घेतले आहे. तत्पूर्वी प्रश्नाचे मूळ पाहणे क्रमप्राप्त आहे.

२. स्थान आणि वेळ यांतील भेद

बंदिस्त धावपट्टीवरील शर्यतीत अंतराचा प्रश्न एकदाच सोडवावा लागतो. चारशे मीटरांची पट्टी एकदा काटेकोर आखली की पुढे वर्षानुवर्षे त्याच मापावर शर्यती होतात. रस्त्यावरील शर्यतीचे तसे नसते. प्रत्येक गावाचा रस्ता निराळा, त्याची वळणे निराळी. आणि एकाच गावातही दुरुस्तीमुळे वा रहदारीमुळे मार्ग दरवर्षी थोडाफार बदलतो. यामुळे रस्त्यावरील दीर्घ अंतराच्या शर्यतींत धावपटूचे स्थान विश्वसनीय असले तरी त्याची वेळ बराच काळ संशयास्पद राहिली.

खुद्द ऑलिंपिक सामन्यांचा इतिहास याची साक्ष देतो. १८९६ साली अथेन्स येथे झालेली पहिली मॅरेथॉन शर्यत सुमारे ४० किलोमीटरांची होती. १९०८ साली लंडन येथे ती २६ मैल ३८५ यार्डांची, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरांची झाली. १९१२ साली स्टॉकहोम येथे ती पुन्हा ४०.२ किलोमीटरांवर आली. १९२० साली अँटवर्प येथे ती ४२.७५ किलोमीटरांपर्यंत वाढली. लंडनचे अंतर हेच प्रमाण अंतर म्हणून आंतरराष्ट्रीय संघटनेने १९२१ साली ठरविले आणि १९२४ च्या पॅरिस सामन्यांपासून ते कायम झाले. अर्थात त्यापूर्वीच्या विजेत्यांच्या वेळांची परस्परांशी तुलना करणे निरर्थक ठरते.

अँटवर्पच्या त्या शर्यतीचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१९ च्या सुमारास भरविलेल्या मैदानी सामन्यांच्या अध्यक्षस्थानी सर दोराबजी टाटा होते. त्या सामन्यांत सुमारे पंचवीस मैलांची एक 'मॅरेथॉन' शर्यत होती व तीत प्रामुख्याने शेतकरी वर्गातील तरुण अनवाणी धावले. त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या वेळांशी तुलना करण्याजोग्या आहेत असे दोराबजींच्या ध्यानात आले आणि त्यांतून १९२० च्या ऑलिंपिकसाठी भारतीय पथक पाठविण्याच्या खटपटीस चालना मिळाली. येथे अंतर 'सुमारे' पंचवीस मैल होते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या तुलनेवर हा निर्णय काही अंशी उभा होता, त्या तुलनेतील मापच ढोबळ होते. निर्णय योग्य होता हे पुढे सिद्ध झाले, पण ते वेळेने नव्हे, तर प्रत्यक्ष गाठ पडल्याने. बेळगावचे फडेप्पा चौगुले यांनी अँटवर्प येथील मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे स्थान मिळविले.

चौगुले यांची वेळ २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद अशी नोंदलेली आहे. आजच्या वाचकाने ही वेळ आजच्या मॅरेथॉनच्या वेळांशेजारी मांडली तर त्यांच्यावर अन्याय होईल. कारण ते धावले ते अंतर प्रमाण अंतराहून ५५५ मीटरांनी अधिक होते. त्यांची सरासरी गती किलोमीटरास जवळजवळ चार मिनिटे अशी पडते. त्या हिशेबाने जादा अंतरास सुमारे २ मिनिटे १३ सेकंद लागले असले पाहिजेत, आणि प्रमाण अंतरासाठी त्यांची वेळ २ तास ४८ मिनिटे ३२ सेकंदांच्या आसपास येते. हा केवळ त्रैराशिकाचा हिशेब आहे. शर्यतीच्या अखेरीस येणारा थकवा त्यात धरलेला नाही. तरीही त्यावरून एक गोष्ट उघड होते. अंतर ठाऊक नसेल तर वेळ ही नोंद नसून निव्वळ आख्यायिका असते.

३. मंडळांचा उदय

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंड व अमेरिका या दोन्ही देशांत रस्त्यावरील दीर्घ शर्यतींकडे मैदानी खेळांच्या अधिकृत संघटनांचे फारसे लक्ष नव्हते. अशा शर्यती धावणारे लोक संख्येने थोडे, विखुरलेले आणि बहुधा नोकरी-व्यवसाय सांभाळून सराव करणारे होते. त्यांची परस्परांना माहिती व्हावी आणि शर्यतींत सुसूत्रता यावी या हेतूने १९५२ साली इंग्लंडमध्ये 'रोड रनर्स क्लब' स्थापन झाला. अमेरिकेत ब्राऊनिंग रॉस हे स्वतः ऑलिंपिक धावपटू असलेले गृहस्थ 'लाँग डिस्टन्स लॉग' नावाचे छोटेसे नियतकालिक काढीत असत. ठिकठिकाणच्या शर्यतींचे निकाल व आगामी शर्यतींच्या सूचना एवढाच त्यातील मुख्य मजकूर असे. १९५७ साली याच नियतकालिकातून रॉस यांनी इंग्लंडच्या धर्तीवर अमेरिकेतही संघटना व्हावी असे आवाहन केले, आणि १९५८ च्या फेब्रुवारीत 'रोड रनर्स क्लब ऑफ अमेरिका' ही संघटना अस्तित्वात आली. येथे क्रम ध्यानी घेण्यासारखा आहे. आधी संघटना व मग तिचे मुखपत्र असे घडले नाही. आधी वार्ता होती आणि वार्तेतून संघटना निर्माण झाली.

त्याच वर्षी न्यूयॉर्क शहरातील शाखा सुमारे चाळीस सभासदांनिशी सुरू झाली. या सभासदांपैकी अनेकजण 'न्यूयॉर्क पायोनियर क्लब' या जुन्या मंडळातील होते. पायोनियर क्लब १९३६ साली हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत जोसेफ यान्सी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केला होता, आणि १९४० नंतरच्या दशकात त्याने सर्व वर्णांच्या लोकांस प्रवेश खुला केला. अमेरिकेतील अनेक क्रीडामंडळांचे दरवाजे कृष्णवर्णीयांना बंद असताना हार्लेममधील या मंडळाने आपले दार गोऱ्यांसह सर्वांना उघडे ठेवावे, ही गोष्ट त्या काळी असाधारण होती.

न्यूयॉर्क शाखेचे पहिले अध्यक्ष टेड कॉर्बिट हे पायोनियर क्लबचेच सभासद होते. त्यांचा जन्म १९१९ साली दक्षिण कॅरोलायना राज्यात झाला. त्यांचे आजोबा गुलामगिरीत जन्मलेले होते. सिनसिनाटी विद्यापीठात शिकत असताना गोऱ्या स्पर्धकांच्या विरोधामुळे त्यांना काही सामन्यांत भाग घेता आला नाही. पुढे व्यवसायाने ते भौतिकोपचारतज्ज्ञ झाले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ते अमेरिकेतर्फे मॅरेथॉन धावले. ऑलिंपिक मॅरेथॉनसाठी निवडले गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन होत.

४. मोजणीची पद्धती

शर्यतीचे अंतर मोजण्यासाठी त्या काळी मोटारीच्या चाकाशी जोडलेल्या मापकाचा उपयोग सर्रास होत असे. मापकात शेकडा एक एवढीच चूक आहे असे मानले, तरी मॅरेथॉनच्या अंतरात ती ४२२ मीटर भरते. किलोमीटरास चार मिनिटे या गतीने धावणाऱ्याच्या वेळेत तीमुळे सुमारे १ मिनिट ४१ सेकंदांचा फरक पडतो. कित्येक धावपटूंच्या वर्षभराच्या सरावाचे फळही यापेक्षा अधिक नसते. उलटपक्षी पोलादी फितीने संपूर्ण मार्ग मोजणे अचूक असले, तरी वाहत्या रस्त्यावर ते एखाद्या लहान मंडळाच्या आवाक्यातले नव्हते.

या पेचातून मार्ग काढण्याचे श्रेय इंग्लंडच्या रोड रनर्स क्लबमधील जॉन ज्युएल यांच्याकडे जाते. १९६१ साली त्यांनी सायकलच्या साहाय्याने मोजणी करण्याच्या पद्धतीवर टिपण प्रसिद्ध केले. कॉर्बिट यांनी या व इतर पद्धतींचा अभ्यास करून १९६४ साली रस्त्यावरील धावमार्गांच्या मोजणीविषयी एक पुस्तिका लिहिली व ती अमेरिकेतील संघटनेने प्रसिद्ध केली. आज जगभर प्रचलित असलेल्या मोजणीचा पाया या दोन लिखाणांनी घातला.

पद्धतीचे तत्त्व सोपे आहे. सायकलच्या पुढील चाकाचे फेरे मोजले आणि एका फेऱ्यास किती अंतर जाते हे ठाऊक असले, तर एकूण अंतर गुणाकाराने मिळते. अडचण दुसऱ्या अटीत आहे. चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर धरला तर मॅरेथॉनच्या अंतरात चाकाचे जवळजवळ वीस हजार फेरे होतात. परीघाच्या मापात केवळ एका मिलिमीटरची चूक झाली, तरी एकूण अंतरात ती वीस मीटर होते. शिवाय परीघ स्थिर नसतो. धावेतील हवेचा दाब, स्वाराचे वजन आणि हवेचे तापमान यांनुसार तो बदलतो. पहाटे थंडीत मोजणी सुरू केली आणि ती संपेतो ऊन तापले, तर धाव फुगते, परीघ वाढतो व तेच अंतर कमी फेऱ्यांत जाते.

म्हणून परीघ मोजण्याच्या भानगडीत न पडता चाकाची प्रमाणनिश्चिती केली जाते. प्रथम सरळ व सपाट रस्त्यावर काही शे मीटरांचा एक पट्टा पोलादी फितीने काळजीपूर्वक मोजून खुणा करतात. त्या पट्ट्यावरून तोच स्वार, तीच सायकल घेऊन चार वेळा जातो आणि प्रत्येक खेपेस चाकाचे फेरे किती झाले हे अंशासह नोंदतो. त्यांच्या सरासरीवरून एका किलोमीटरास किती फेरे, हे प्रमाण मिळते. त्यानंतर प्रत्यक्ष धावमार्ग मोजला जातो. मोजणी संपताच त्याच पट्ट्यावर पुन्हा चार खेपा केल्या जातात, म्हणजे मधल्या वेळात चाकात काय फरक पडला ते कळते. आरंभी फेरे मोजण्याची साधने ओबडधोबड होती. १९७० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी न्यूयॉर्क राज्यातील अ‍ॅलन जोन्स या अभियंत्याने पुढील चाकाच्या आसाशी बसणारा दातेरी चक्रांचा एक साधा गणक तयार केला. तो फेऱ्यांचे सूक्ष्म अंशही दाखवीत असल्याने अंतर दशांश मीटरपर्यंत वाचता येऊ लागले.

येथे आणखी एक प्रश्न उद्भवतो. रस्ता म्हणजे रेषा नव्हे. त्यास रुंदी असते. मग त्यातील कोणती रेषा मोजावयाची? नियम असा आहे की, धावपटूस नियमाने जाता येईल असा सर्वांत आखूड मार्ग मोजावा आणि वळणावर आतील कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर राखावे. यामागील कारण हिशेबाने स्पष्ट होते. दहा मीटर रुंदीच्या रस्त्यास काटकोनी वळण आहे व मोजणी मध्यरेषेवरून केली, असे समजू. आतील कडेने धावणाऱ्यास त्या एका वळणात सुमारे ७.९ मीटर कमी पडतात. अशी वीस वळणे असतील तर स्थूल मानाने दीडशे मीटरांहून अधिक अंतर वाचते. धावपटूने यात लबाडी केलेली नसते. रस्ता त्याचा आहे, आणि आखूड रेषा शोधणे हा त्याच्या कौशल्याचाच भाग होय. चूक असते ती मोजणाऱ्याची.

इतकी दक्षता घेऊनही काही अनिश्चितता राहतेच. तिच्यासाठी प्रत्येक किलोमीटरामागे एक मीटर अधिक धरण्याची रीत आहे. मॅरेथॉनमध्ये ही भर ४२ मीटरांची होते. या रीतीतून एक नैतिक निवडही व्यक्त होते. मार्ग किंचित लांब निघाला तर प्रत्येकाची वेळ काही सेकंदांनी वाढते, पण कोणाचाही उच्चांक खोटा ठरत नाही. मार्ग आखूड निघाला तर मात्र सर्वच नोंदी रद्द होतात. म्हणून चूक व्हावयाचीच असेल तर ती सर्वांना थोडेसे अधिक धावावयास लावणारी असावी, असे मंडळांनी ठरविले.

५. वेळ कोणाची?

अंतराचे माप असे निश्चित होत असतानाच वार्तेतील दुसऱ्या विधानाचा, म्हणजे वेळेचा प्रश्न एका अनपेक्षित बाजूने उभा राहिला. न्यूयॉर्क मंडळाने १९५९ पासून ब्राँक्स भागात 'चेरी ट्री मॅरेथॉन' भरविली होती. १९७० साली सेंट्रल पार्क या उद्यानात पहिली न्यूयॉर्क शहर मॅरेथॉन झाली. प्रवेशशुल्क एक डॉलर होते. १२७ जणांनी धावण्यास प्रारंभ केला व ५५ जणांनी शर्यत पुरी केली. त्या काळी दीर्घ अंतराच्या शर्यतींत स्त्रियांनी पुरुषांबरोबर धावण्यास अमेरिकेतील अधिकृत संघटनेची मान्यता नव्हती. १९७२ साली तिने मॅरेथॉनपुरती परवानगी दिली, पण स्त्रियांचा प्रारंभ पुरुषांपासून वेगळा असावा अशी अट घातली. त्यानुसार न्यूयॉर्कच्या शर्यतीत स्त्रियांना दहा मिनिटे आधी सोडावयाचे ठरले. बंदुकीचा आवाज होताच सहा स्त्रिया धावण्याऐवजी प्रारंभरेषेवर खाली बसल्या. दहा मिनिटांनी पुरुषांसाठी बंदूक झाली तेव्हा त्या उठल्या आणि सर्वांबरोबर धावू लागल्या. त्यांच्या वेळेत ती दहा मिनिटे मिळविण्यात आली.

या घटनेकडे बहुधा स्त्रीहक्कांच्या इतिहासातील एक प्रसंग म्हणून पाहिले जाते, आणि ते यथार्थच आहे. प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने तिचा आणखी एक अर्थ आहे. ज्या दहा मिनिटांत या स्त्रिया बसून होत्या, ती त्यांनी धावण्यात घालविली असे नियमाने ठरविले. अंतर अचूक होते, घड्याळ अचूक होते. तरी नोंद खोटी होती. म्हणजे वार्तेचे प्रामाण्य उपकरणांनी पूर्ण होत नाही, कोणास कोणत्या नियमाने मोजावयाचे हेही न्याय्य असावे लागते. तो वेगळ्या प्रारंभाचा आग्रह फार काळ टिकला नाही. त्याच १९७२ च्या जूनमध्ये न्यूयॉर्क मंडळाने केवळ स्त्रियांसाठी सहा मैलांची शर्यत भरविली होती व तीत ७८ जणी धावल्या होत्या. पुढे १९८४ साली लॉस एंजेलिस येथे ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या मॅरेथॉनचा समावेश झाला.

६. अभिमानाच्या वार्तेची परीक्षा

१९७६ साली न्यूयॉर्कची मॅरेथॉन उद्यानाबाहेर पडून शहराच्या पाचही विभागांतून जाऊ लागली. प्रवेश घेणाऱ्यांची संख्या दोन हजारांवर गेली. चाळीस सभासदांच्या मंडळाची शर्यत पाहता पाहता जगप्रसिद्ध झाली. २५ ऑक्टोबर १९८१ रोजी या शर्यतीत अल्बर्टो सालाझार यांनी २ तास ८ मिनिटे १३ सेकंदांत अंतर पार केले. ऑस्ट्रेलियाच्या डेरेक क्लेटन यांनी १९६९ साली अँटवर्प येथे नोंदविलेली २ तास ८ मिनिटे ३३.६ सेकंद ही वेळ बारा वर्षांनी मागे पडली. त्याच दिवशी न्यूझीलंडच्या अ‍ॅलिसन रो यांची वेळही स्त्रियांत जगातील सर्वोत्तम ठरली. एखाद्या स्थानिक मंडळाच्या वार्तापत्रास याहून मोठी वार्ता कोणती मिळावी?

पुढे या मार्गाची फेरमोजणी झाली. तो सुमारे १४८ मीटरांनी आखूड असल्याचे आढळले. सालाझार यांच्या गतीने एवढे अंतर जाण्यास सुमारे २७ सेकंद लागतात. ते मिळविले असता त्यांची वेळ २ तास ८ मिनिटे ४० सेकंद होते, म्हणजे मोडला असे समजला गेलेला उच्चांक प्रत्यक्षात मोडलेला नव्हता. दोन्ही नोंदी उच्चांकांच्या यादीतून वगळण्यात आल्या. मोजणीची जी पद्धती अमेरिकेत रुजविण्यास न्यूयॉर्क मंडळाच्या पहिल्या अध्यक्षांनी हातभार लावला होता, त्याच पद्धतीने त्या मंडळाची सर्वांत मोठी वार्ता असत्य ठरविली.

यात सालाझार यांचा कोणताही दोष नव्हता. जो मार्ग आखून दिला त्यावर ते धावले. या प्रकरणातील खरी हानी मात्र त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये नसलेल्या एका धावपटूची झाली. ६ डिसेंबर १९८१ रोजी, म्हणजे अवघ्या सहा आठवड्यांनी, जपानमधील फुकुओका येथे ऑस्ट्रेलियाचे रॉबर्ट डी कॅस्टेला २ तास ८ मिनिटे १८ सेकंदांत धावले. सालाझार यांच्याहून पाच सेकंद अधिक लागल्याने त्यांची वेळ जगात दुसऱ्या क्रमांकाची समजली गेली. वस्तुतः ती पहिली होती. १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनचे स्टीव्ह जोन्स शिकागो येथे २ तास ८ मिनिटे ५ सेकंदांत धावले, तेव्हाही सालाझार यांचा उच्चांक मोडला असेच सर्वत्र प्रसिद्ध झाले. न्यूयॉर्कची नोंद रद्द होऊन डी कॅस्टेला यांचा मान मान्य झाला, तोवर तो मान दुसऱ्याकडे गेलेला होता. जवळजवळ तीन वर्षे जो उच्चांक त्यांचा होता, तो त्यांच्या नावावर त्या काळात एक दिवसही लागला नाही.

आखूड मार्गामुळे कोणाचे काय बिघडते, असा प्रश्न स्थानिक शर्यतींच्या संयोजकांकडून पुष्कळदा विचारला जातो. धावणाऱ्यांस चांगली वेळ मिळते, ते आनंदाने घरी जातात व पुढील वर्षी पुन्हा येतात. वरील उदाहरण हेच त्याचे उत्तर होय. खोटी वार्ता उपस्थितांना सुख देते आणि तिची किंमत अनुपस्थितांकडून वसूल करते. ज्याने अन्यत्र पूर्ण अंतर प्रामाणिकपणे पार केले, त्याच्या श्रमाचे मूल्य तीमुळे कमी होते. आणि आपणांवर अन्याय झाला आहे याची त्यास कल्पनाही नसते.

७. आजची स्थिती व संशोधकास इशारा

धावमंडळांची ही परंपरा आज महाराष्ट्रातही चांगली रुजली आहे. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली, तर मुंबई मॅरेथॉन २००४ साली. या मोठ्या शर्यतींभोवती आणि त्यांच्या निमित्ताने शहरोशहरी लहान मंडळे उभी राहिली आहेत. त्यांची वार्ता आता सायक्लोस्टाइल केलेल्या पत्रकांऐवजी भ्रमणध्वनीवरून फिरते. पण तिचा गाभा तोच आहे.

मात्र अंतराच्या प्रश्नाने नवे रूप घेतले आहे. धावपटूच्या मनगटावर उपग्रहांच्या साहाय्याने अंतर दाखविणारे घड्याळ असते, आणि शर्यतीनंतर अंतर जादा भरल्याची तक्रार वारंवार ऐकू येते. ही तक्रार बहुधा गैरसमजावर आधारलेली असते. मोजणी आखूडातील आखूड रेषेने झालेली असते. गर्दीतून वाट काढणारा, पाण्याच्या टेबलाकडे वळणारा धावपटू त्या रेषेवर राहूच शकत नाही. शिवाय मोजणीत किलोमीटरामागे एक मीटर मुद्दाम अधिक धरलेला असतो. त्यातच उंच इमारतींमुळे व झाडांमुळे उपग्रहांच्या संकेतांत दोष येतो. म्हणून योग्य मोजलेल्या मार्गावर घड्याळाने ४२.१९५ किलोमीटरांहून थोडे अधिक दाखविणे हे सामान्यतः मोजणी चुकल्याचे लक्षण समजता येत नाही. बहुसंख्य घड्याळे बरोबर तेवढेच वा त्याहून कमी दाखवू लागली, तर मात्र संशयास जागा आहे.

स्थानिक मंडळांची वार्तापत्रे साधन म्हणून वापरणाऱ्या संशोधकाने यावरून तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, वार्तापत्रातील स्थानविषयक नोंद आणि वेळविषयक नोंद या भिन्न दर्जाच्या साक्षी आहेत. पहिलीस प्रत्यक्षदर्शींचा आधार असतो. दुसरीस मोजणीचा आधार होता की नाही, हे शोधावे लागते. दुसरी, मोजणी कोणी, केव्हा व कोणत्या पद्धतीने केली याचा उल्लेख वार्तापत्रात असणे वा नसणे हेच त्या मंडळाच्या प्रौढतेचे गमक मानता येते. तिसरी, निकालपत्रात कोणाची नावे आहेत याबरोबरच कोणाची असू शकली नसती, हेही पाहिले पाहिजे. कॉर्बिट यांना ज्या सामन्यांत धावता आले नाही, त्यांच्या निकालपत्रांत त्यांच्या अनुपस्थितीची नोंद आढळणार नाही.

ऐच्छिक संघटनेचे बळ तिच्या सभासदसंख्येवरून वा शर्यतीच्या प्रसिद्धीवरून ठरविण्याची प्रवृत्ती असते. धावमंडळांच्या इतिहासावरून निराळा निकष सुचतो. आपल्याच अभिमानाची वार्ता पुन्हा मोजून पाहू देण्याची आणि ती चुकीची ठरल्यास मागे घेण्याची तयारी ज्या मंडळाजवळ आहे, त्याच्या इतर वार्ताही विश्वासास पात्र ठरतात. पहाटेच्या अंधारात पदपथाच्या कडेपासून वीतभर अंतर राखून सायकल चालविणाऱ्या स्वयंसेवकाचे नाव निकालपत्रात बहुधा नसते. तथापि त्या पत्रातील प्रत्येक वेळेला अर्थ येतो तो त्याच्या श्रमामुळेच.